मातीतलं नत्र, स्फुरद, पालाश दाखवणारा सेन्सर गोव्यातल्या शेतकऱ्याने घ्यावा का?

खताचा हिशोब करण्यासाठी घेणार असाल, तर नको. मातीत खुपसायचे स्वस्त एनपीके सेन्सर बहुतेक वेळा ही तीन अन्नद्रव्यं वेगळी ओळखतच नाहीत. ते मातीची विद्युतवाहकता मोजतात आणि ठरलेल्या सूत्राने तीन आकडे काढून देतात. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, हे फारच घातक. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खारं पाणी आत शिरलं की वाहकता वाढते आणि यंत्र सांगतं, जमीन सुपीक आहे! असतं ते मीठ.

कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि मोरडीवर (उंचावरच्या शेतात) अडचण वेगळी. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं. पिकाला त्यातला किती मिळणार, हे प्रयोगशाळेतच कळतं. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, बोरॉनसकट १२ गोष्टी तपासल्या जातात. ती आधी करून घ्या. चौकशी कृषी विज्ञान केंद्रात किंवा विभागीय कृषी कार्यालयात करा.

सेन्सर टाकाऊ मात्र नाही. ओलावा आणि क्षारता पाहायला तो खरंच उपयोगी. पहिल्या पावसांनी खाजनातलं मीठ किती धुतलं गेलं, हे लावणीआधी बांधावरच समजतं, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी तो घेण्याजोगा आहे.

नमुना नीट घ्या: आठ-दहा जागांची, वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो द्या. नुकतं खत घातलेली जागा टाळा.