कोरोनात थांबलेली टेस्ट ट्यूब बाळाची सायकल आणि टाकीतले भ्रूण

प्रश्न : मार्च 2020 मध्ये अंडी काढून झाली, पाच दिवसांचे दोन भ्रूण गोठवले आणि लॉकडाऊन लागला. पुढं घरच्या अडचणीत राहूनच गेलं. तेव्हा मी 32 ची होते, आता 38. ते भ्रूण अजून चालतील का? आणि कोरोनात टेस्ट ट्यूब बाळं कमी जन्मली म्हणतात, ती आजारामुळं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी बाळांचं. मुख्य कारण उपचार थांबले हे. अमेरिकेतल्या एएसआरएम या वंध्यत्व उपचारांतल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं 17 मार्च 2020 ला नवी सायकल, म्हणजे उपचाराची नवी फेरी, सुरू करू नका असं सुचवलं. ब्रिटनमध्ये 15 एप्रिलपर्यंत सगळंच थांबलं. पुन्हा सुरू करायला सेंटरना 11 मेपासून अर्ज करता आला. पाच दिवसांचा भ्रूण गर्भपिशवीत सोडला (यालाच ट्रान्स्फर म्हणतात) की 261 व्या दिवशी प्रसूतीची तारीख येते. म्हणजे आपल्याकडे लॉकडाऊन लागला त्या 25 मार्चला हुकलेल्या ट्रान्स्फरचं बाळ 11 डिसेंबरच्या आसपास आलं असतं. इंजेक्शनं आधीच चालू असलेल्यांना सायकल पुरी करायची मुभा होती, शिवाय जुळी लवकर येतात. त्यामुळं ही घट एका तारखेला कापल्यासारखी दिसत नाही.

आता तुमचे भ्रूण. उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये त्यांचं वय 32 वरच थांबलंय. तुमचं वाढलंय, पण गर्भपिशवीला त्याचा फटका अंड्यांइतका बसत नाही. बीपी आणि शुगर मात्र आधी तपासा. टाकीला वीज लागत नाही, पण नायट्रोजन उडत राहतो, तो भरावा लागतो. जुलै 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, म्हणजे नायट्रोजन वेळेवर पोचला का हा प्रश्न उरतो. त्या आठवड्यातलं टाकीतल्या नायट्रोजनच्या पातळीचं रजिस्टर बघायला मागा, संकोच नको. स्ट्रॉ (भ्रूण ठेवलेल्या बारीक नळ्या) किती, भ्रूणांची ग्रेड म्हणजे दर्जा काय, साठवणुकीची फी कुठवर भरलीय, हेही लेखी घ्या. 2021 च्या एआरटी (टेस्ट ट्यूब बाळासारख्या उपचारांच्या) कायद्यानं साठवण जास्तीत जास्त 10 वर्षं.

ट्रान्स्फरसाठी पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग साधारण 10 ते 14 दिवस इस्ट्रोजेनच्या गोळ्या. गर्भपिशवीचं अस्तर 7 मिलिमीटरच्या वर आणि तीन पदरी दिसलं की प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) सुरू. त्याचे पाच दिवस पुरे झाले की सहाव्या दिवशी भ्रूण सोडतात. इथं एक दिवस इकडंतिकडं झाला तर चांगला भ्रूणही रुजायची शक्यता कमी होऊ शकते, म्हणून पहिल्या डोसची तारीख आणि वेळ कागदावर लिहा. एका वेळी एकच भ्रूण वितळवायला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ पुढं होतो. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली की गोळ्या बंद, किंवा डाग दिसला की ‘गेलंच’ म्हणून बंद. या पद्धतीत अंडं फुटलेलं नसतं, त्यामुळं शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. वार (प्लासेंटा) ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 12 आठवड्यांपर्यंत, डॉक्टर सांगेपर्यंत औषध सोडू नका.