पिस्टनवरचा कार्बन : खरवडण्याआधी त्याचे कारण शोधा

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा असून सध्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गेल्या वर्षी मी यामाहाची ब्लास्टर ही जुनी टू-स्ट्रोक एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी) विकत घेतली. सावकाश चालवताना ती ठीक वाटते. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दिला की गुदमरल्यासारखी होते आणि वरच्या वेगाला पोहोचतच नाही. धूर बराच येतो, प्लग वरचेवर काळा पडतो. आधीच्या मालकाच्या सांगण्यावरून मी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो. इथल्या मेकॅनिकने प्लगच्या भोकातून पाहून ‘पिस्टनवर कार्बन आहे, पिस्टन, रिंग, बोअर सगळेच करावे लागेल’ असे सांगितले. कॉलेजात असताना माझ्याकडे आरएक्स १०० होती. तिचा सायलेन्सर कॉस्टिक सोड्याने धुतला की गाडी पुन्हा ओढायला लागायची. याही गाडीचे तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, त्यामुळे पिस्टनच्या माथ्यावर थोडाफार कार्बन असणारच. केवळ तो दिसला म्हणून पिस्टन बदलून बोअर (सिलिंडरचे आतले भोक) घासून घ्यायला सांगणे मला घाईचे वाटते. तो कार्बन कोरडा आहे की ओलसर, पातळ आहे की पापुद्रे सुटण्याइतका जाड, आणि नेमका कुठे साचला आहे, हे पाहिल्याशिवाय निदान होत नाही. आपली ब्लास्टर १९५ सीसीची, हवेवर थंड होणारी, एका सिलिंडरची गाडी आहे. ती १९८८ ते २००६ या काळात विकली गेली, म्हणजे आपल्या हाती येण्यापूर्वी ती बहुधा अनेकांच्या हातून गेली असेल. प्रत्येकाने तिच्यात काय बदल केले हे कागदावर सापडणार नाही. पण कार्बनवरून त्यातले बरेचसे कळू शकते. म्हणून तो खरवडून टाकण्याआधी नीट पाहून घ्यावा आणि त्याचे फोटो काढून ठेवावेत.

सुरुवात सायलेन्सरच्या बाजूने करावी, कारण आपण सांगितलेली लक्षणे पिस्टनपेक्षा कोंडलेल्या एक्झॉस्टशी अधिक जुळतात. अमेरिकेत वनखात्याच्या जमिनीवर अशा गाड्यांना स्पार्क अरेस्टर सक्तीचा असल्यामुळे सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवणारा भाग असतो आणि ऑइलच्या काजळीने तो सहज तुंबतो. तो मोकळा आहे ना, हे आधी पाहावे. त्यानंतर एक्झॉस्ट पाइप सिलिंडरपासून सोडवावा, किक हळूहळू दाबून पिस्टन खाली न्यावा आणि बॅटरीच्या उजेडात पोर्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर पडण्याची सिलिंडरमधली खिडकी, न्याहाळावे. पोर्टच्या कडेला कार्बनची कड धरून त्याचे तोंड लहान झाले असेल, तर जळालेला वायू वेळेत बाहेर पडत नाही आणि इंजिन नेमके वरच्या वेगाला दम टाकते. आता पिस्टन थोडा वर आणून त्याच्या खाचेतली रिंग (वायू अडवणारे धातूचे कडे) पोर्टच्या खिडकीत येऊ द्यावी आणि लाकडी काडीच्या बोथट टोकाने ती हलकेच दाबून पाहावी. निरोगी रिंग आत दबते आणि काडी काढताच पुन्हा बाहेर येते. ती हलतच नसेल, तर खाचेत साचलेल्या कार्बनने तिला धरून ठेवले आहे. रिंगच्या खालच्या बाजूला पिस्टनच्या अंगावर तपकिरी-काळे ओघळ दिसले, तर जळता वायू रिंगला डावलून खाली उतरतो आहे असे समजावे. उभे ओरखडे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. ते बोटाच्या नखाला लागत असतील, तर मेकॅनिकचे म्हणणे बरोबर ठरण्याची शक्यता बरीच वाढते.

आता पिस्टनचा माथा. सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण ज्या ट्रान्स्फर पोर्टांतून येते, त्यांच्यासमोरचा माथ्याचा भाग त्या मिश्रणाने धुतला जाऊन स्वच्छ राहतो. हे धुतलेले पट्टे माफक असावेत आणि उरलेला माथा कोऱ्या चहासारखा तपकिरी असावा. पट्टे फार मोठे आणि बाकीचा भाग काळा, ओलसर असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे. पट्टे जवळजवळ नसतील आणि माथा कोरडा, फिकट किंवा पांढरट असेल, तर मिश्रण कमजोर आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते आहे, आणि टू-स्ट्रोक इंजिनात हे जास्त पेट्रोलपेक्षा कितीतरी धोक्याचे असते. माथ्याच्या कडेला वाळूने मारल्यासारखे बारीक खड्डे दिसले, तर इंजिनात नॉकिंग (मिश्रण धक्क्याने, अवेळी पेटणे) होऊन गेले आहे; अशा वेळी कार्बन साफ करून गाडी पुन्हा पळवू नये.

कॉम्प्रेशन गेजचा (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरचा) आकडा घ्यावा, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. इंजिन थोडे तापवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, काटा स्थिर होईपर्यंत किक मारावी आणि आकडा मॅन्युअलशी ताडून पाहावा. अडचण अशी, की माथ्यावरचा आणि हेडमधला (सिलिंडरच्या झाकणातला) कार्बन जागा खाऊन कॉम्प्रेशन वाढवतो, तर खाचेत अडकलेली रिंग ते घटवते. दोन्ही दोष एकत्र असले, तर आकडा अगदी योग्य येऊ शकतो. पोर्टमधून रिंग पाहण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे.

कारणांपैकी माझा पहिला संशय ऑइल पंपावर आहे. यामाहाने १९६४ पासून आपल्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑटोल्युब पद्धत आणली, आणि आपली गाडीही मुळात त्याच पद्धतीची आहे. वेगळ्या टाकीतले ऑइल पंपाने इंजिनात जाते, त्यामुळे पेट्रोलमध्ये ते मिसळावे लागत नाही. ब्लास्टरच्या अनेक मालकांनी पंप निकामी होण्याच्या भीतीने तो काढून टाकला आणि ते पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू लागले. आपल्या गाडीत पंप अजून चालू असेल आणि शिवाय आपणही ऑइल मिसळत असाल, तर इंजिनाला दुहेरी ऑइल मिळते आहे. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी बारीक नळी जागेवर आहे का, तिच्यात ऑइल आहे का आणि वेगळ्या ऑइलच्या टाकीतली पातळी कमी होते का, हे पाहिले की उलगडा होईल. पंप आहे पण त्याची खात्री वाटत नाही, अशी स्थिती असेल तर तो चालतो हे सिद्ध होईपर्यंत मिसळणे बंद करू नये. कारण थोड्या वेळाचा जादा धूर परवडतो, ऑइलविना चाललेला पिस्टन परवडत नाही. पंप काढलेला असेल, तर ऑइल अंदाजाने न ओतता मापाने घालावे. ३२ ला १ या प्रमाणाला लिटरमागे साधारण ३१ मिलिलिटर लागते.

धूर तरीही हटला नाही, तर गिअर ऑइलची पातळी तपासावी. क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील गेले, की इंजिन गिअर ऑइल ओढून घेते आणि ते जाळते. पातळी दर काही दिवसांनी उतरते आणि बाहेर गळती मात्र कुठेच दिसत नाही, ही त्याची खूण आहे. चोकची पट्टी अर्धवट अडकणे आणि मळलेला एअर फिल्टर हीही नेहमीची कारणे आहेत.

कॉस्टिकबद्दल स्पष्ट सांगतो. तो उपाय लोखंडी पत्र्याच्या सायलेन्सरपुरताच होता. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून पिस्टन आणि हेड त्यात कधीही बुडवू नयेत. सायलेन्सर धुतानाही आतला अ‍ॅल्युमिनियमचा भाग वेगळा काढावा, हातमोजे आणि चष्मा वापरावा. पिस्टनचा माथा लाकडाच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावा; पोलादी स्क्रू-ड्रायव्हर किंवा सँडपेपर लावू नये. रिंगची खाच जुन्या रिंगच्या तुटक्या तुकड्याने साफ होते. सिलिंडर काढल्यावर क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवावे, कारण आत पडलेला एक खडा बेअरिंगचे नुकसान करू शकतो. बसवताना रिंगचे तोंड खाचेतल्या पिनवरच यायला हवे. ते चुकले तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. गॅस्केट नवीनच घालावे.

रिंग मोकळी असेल, पिस्टनवर ओरखडे नसतील आणि बोअरचे माप मर्यादेत असेल, तर साफसफाई, नवी रिंग आणि ऑइलचे योग्य माप एवढ्यावर आपली गाडी चालायला हवी. बोअरचे माप मेकॅनिकने मायक्रोमीटरने घेऊन आपल्याला आकड्यात सांगावे, अशी मागणी जरूर करा.

प्रश्न : माझी आरएक्स १०० चढावर पिस्टनमधून टकटक आवाज करते आणि लांबचा प्रवास करून आल्यावर चावी बंद केली तरी काही क्षण धडधडत राहते. हेही कार्बनमुळेच होते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होऊ शकते. तापून लाल झालेला कार्बनचा कण ठिणगीचे काम करतो आणि प्लग बंद असूनही मिश्रण पेटवत राहतो. या गाडीचा पिस्टन ५० मिलिमीटर व्यासाचा असल्यामुळे त्यावर अर्धा मिलिमीटर थर साचला तरी सुमारे १ सीसी जागा व्यापली जाते. हेडमध्येही तसाच थर असतो. एवढ्या लहान इंजिनात त्याने कॉम्प्रेशन वाढून टकटक सुरू होते. मात्र हेड उघडण्यापूर्वी कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या जोडाला कुठे भेग पडली आहे का हे पाहावे. तेथून किंवा मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँकच्या सीलमधून हवा ओढली गेली, तरीही इंजिन तापते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर वेग लगेच उतरत नाही. असे होत असेल, तर हा दोष आधी दुरुस्त करून घ्यावा. तोपर्यंत गाडी लांब नेऊ नये.

चावी बंद करूनही इंजिन थांबले नाही, तर वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सावकाश सोडावा. ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचे घ्यावे. एफडीमध्ये साफ ठेवण्याचा गुण अधिक असतो. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल मात्र यात कधीच घालू नये. त्यातील धातुयुक्त घटकांची राख जळत नाही आणि ती पिस्टनवर व प्लगवर बसते. प्लगही कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचाच (प्लग किती गरम राहतो त्या श्रेणीचाच) असावा. त्याहून गरम प्लग लावला असेल, तर कार्बन काढूनही टकटक राहील.