फिल्टर न लावता डिटेक्टरला प्रकाशाचं ध्रुवीकरण कसं कळतं?

तुमचा प्रश्न असा, की द्विमितीय (म्हणजे मोजक्या अणूंइतक्या जाडीच्या) अर्धवाहकांत मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एवढा बोलबाला असताना ध्रुवीकरण (प्रकाशाचं विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेत हलतं ते) ओळखायला बहुतेक जण ब्लॅक फॉस्फरस का घेतात, आणि पोलरायझरशिवाय, म्हणजे ठराविक दिशेचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्टरशिवाय, ते जमतं कसं.

सगळी मेख स्फटिकाच्या रचनेत आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर 120 अंशांनी फिरवला तरी हुबेहूब तसाच दिसतो. त्यामुळे रेषीय ध्रुवित प्रकाश कुठल्याही दिशेचा असो, तो सारखाच शोषला जातो. ब्लॅक फॉस्फरसचा थर मात्र पन्हळी पत्र्यासारखा असतो. पन्हळींच्या आडव्या दिशेला आर्मचेअर म्हणतात, लांबीच्या दिशेला झिगझॅग. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र आर्मचेअर दिशेत असेल तर शोषण जोरात होतं. झिगझॅग दिशेत असेल तर बँडगॅपच्या (प्रकाश शोषायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) आसपास सममितीमुळे ते जवळजवळ होतच नाही. म्हणजे पदार्थ स्वतःच पोलरायझरचं काम करतो.

पण पेपर वाचताना मी आधी इलेक्ट्रोड कसे आहेत ते बघतो. हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाची दिशा वळवणारी चकती) फिरवली, प्रवाह कमी-जास्त झाला, कोनानुसार काढलेल्या आलेखात छान दोन पाकळ्या आल्या, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. इलेक्ट्रोडच्या धातूच्या सरळ कडेवर पडणारा प्रकाशही ध्रुवीकरणानुसार वेगळा वागतो, आणि मग पाकळ्या स्फटिकाच्या की कडेच्या हे सांगता येत नाही. स्टॅनफर्डच्या गटाने 2015 मध्ये यावर साधा तोडगा काढला: इलेक्ट्रोडच गोल कड्यासारखा केला. कड्याला खास अशी दिशाच नसते, त्यामुळे उरलेला फरक स्फटिकाचाच. तो डिटेक्टर 400 ते सुमारे 3750 नॅनोमीटरपर्यंत चालला. सिलिकॉन 1100 च्या आसपासच थांबतं. 2018 मध्ये बर्कलीच्या गटाने ब्लॅक फॉस्फरसचे दोन पापुद्रे एकमेकांना काटकोनात ठेवून मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलं. व्होल्टेजची दिशा बदलली की कोणतं ध्रुवीकरण वाचायचं ते बदलतं. मला ही कल्पना फारच आवडते.

अडचणी आहेतच. दोन दिशांच्या प्रवाहांचं गुणोत्तर बरेचदा एक आकडीच असतं, तर चांगल्या तारजाळी (बारीक समांतर तारांच्या) पोलरायझरचं शेकड्यांत जातं. शिवाय ब्लॅक फॉस्फरस ऑक्सिजन, दमट हवा आणि उजेड यांच्यापुढे टिकत नाही. पातळ पापुद्रा बोरॉन नायट्राइडखाली झाकावाच लागतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात काचेवरची चमक काढायला आज कॅमेरा हवा असेल, तर पिक्सेलवर तारजाळी बसवलेला सिलिकॉन सेन्सरच घ्या, निम्म्याच्या आसपास प्रकाश वाया गेला तरी. द्विमितीय पदार्थांची खरी गरज त्यापुढच्या अवरक्त पट्ट्यात आहे.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विचारत असाल तर सुरुवात रेनियम डायसल्फाइडने करा. तोही दिशेनुसार वेगळा वागतो, आणि हवेत टिकतो. बँडगॅप साधारण 1.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने साधा लाल किंवा हिरवा लेसर पुरतो. फक्त इलेक्ट्रोड टाकण्याआधी ध्रुवित रामन मापनाने (ध्रुवित लेसर टाकून विखुरलेला प्रकाश तपासून) स्फटिकाची दिशा पक्की करून घ्या.