चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. मुलगा चौदा वर्षांचा. मित्राच्या वाढदिवसाला पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाने भरलेल्या गोळ्या झाडण्याचा खेळ, खेळून आला आणि तेव्हापासून बाप-लेक दोघंही त्यात रमले आहेत. वर्षाला साधारण ६ वेळा जातात. आजवर भाड्याच्या सामानावर भागवलं, आता दोघांसाठी स्वतःचे इलेक्ट्रॉनिक मार्कर, म्हणजे त्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका, घ्यायचे आहेत. मार्कर ४८०, त्यात गोळ्या सोडणारा बॅटरीवरचा लोडर १५०, गोळी ढकलणाऱ्या हवेची टाकी १७०, मास्क १०० असे एकाचे ९०० आणि दोघांचे १,८०० डॉलर. त्यासाठी मुलाच्या शिक्षणासाठीच्या ५२९ नावाच्या गुंतवणूक खात्यात दरमहा जाणारे ३०० डॉलर सहा महिने थांबवावेत का, असं ते विचारतात. अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलं आहे की क्रेडिट कार्डावर २,६०० डॉलर थकले आहेत आणि व्याज २४ टक्के आहे.

नमस्कार. तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ मी सर्वांत वर घेतो. २,६०० वर २४ टक्के म्हणजे महिन्याला ५२ डॉलर नुसतं व्याज. हेच १,८०० डॉलर कार्डावर भरलेत तर वर्षाला ४३२ डॉलर व्याज वाचेल. मार्कर घेऊन किती वाचतं ते आता बघू. तुमच्या फील्डवर भाड्याच्या सामानासकट प्रवेश ४५ डॉलर, स्वतःचं सामान असेल तर २५. माणशी २० वाचले, दोघांचे सहा खेपांचे २४०. या वेगाने १,८०० वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतील. तोवर मुलगा कॉलेज उरकत आला असेल.

तेही रंगाच्या गोळ्या तितक्याच उडाल्या तर. या खेळात खरा पैसा रंगात जातो, आणि दुकानात मार्कर हातात धरून बघताना नेमकं हेच लक्षात येत नाही. तुमचं फील्ड बाहेरचा रंग चालू देत नाही, २,००० गोळ्यांचा खोका ७० डॉलरला पडतो. म्हणजे गोळीला साडेतीन सेंट. साध्या मार्करवर प्रत्येक गोळीला बोट दाबावं लागतं, त्यामुळे दोघांत मिळून एक खोका दिवसभर पुरतो. इलेक्ट्रॉनिक मार्कर वेगाच्या मोडवर सेकंदाला दहाच्या आसपास गोळ्या सोडतो. २०० गोळ्यांचा हॉपर, म्हणजे मार्करवरचा गोळ्यांचा डबा, २० सेकंदांत रिकामा, आणि ७ डॉलर झुडपांवर. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात हे दिलं तर तो बोट आवरेल अशी अपेक्षा करू नका, मीही आवरलं नसतं. खेपेला फक्त एक खोका जास्त लागला, तरी वर्षाला ४२० डॉलर वाढले. भाड्यात वाचलेले २४० त्यात बुडाले आणि वर १८० पदरचे गेले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इलेक्ट्रॉनिक नको. एकच संच, मुलासाठी, आणि तोही मेकॅनिकल, म्हणजे बॅटरीशिवायचा साधा.

टिपमन कंपनीचा ९८ कस्टम हा नवशिक्यांच्या हातात वर्षानुवर्षं दिसणारा मार्कर आहे. धातूचा, जड, थोडा धसमुसळा, पण षट्कोनी किल्लीने स्क्रू काढले की दोन भागांत उघडतो आणि आतली प्रत्येक वस्तू मुलाला बघता येते. असा मार्कर १३० डॉलर, साधा हॉपर १०, ४८ घनइंचाची, ३,००० पीएसआय दाबाची ॲल्युमिनियमची टाकी ६०, मास्क ८०. झाले २८०. चौदा खेपांत वसूल, म्हणजे तुमच्या सवयीप्रमाणे सव्वादोन-अडीच वर्षांत. खेळ वाढून वर्षाला दहा-बारा खेपा होऊ लागल्या, तर प्लॅनेट एक्लिप्स कंपनीच्या एमेक या मार्करकडे वळा. तोही मेकॅनिकलच, पण गोळीला हळुवार, हवा कमी खाणारा.

टाकी हवेचीच घ्या, कार्बन डायऑक्साइडची नको. टाकीतला कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो. न्यू जर्सीत ऑक्टोबरात गारठा पडला की त्याचा दाब उतरतो आणि मार्करची चाल बिघडते. ४,५०० पीएसआयच्या महागड्या टाकीच्या मोहातही पडू नका. फील्डचा कॉम्प्रेसर ३,००० पर्यंतच भरत असेल, तर ती दोन-तृतीयांशच भरणार.

या सगळ्यात जिथे मी एक डॉलरही कापू देणार नाही, ती वस्तू म्हणजे मास्क. काही वर्षांपूर्वी माझी मुलगी मैत्रिणींबरोबर खेळत होती, मी जाळीबाहेर उभा होतो. भाड्याच्या मास्कची काच एकपदरी, श्वासाने पार धुरकटलेली. तिला समोरचं दिसेना, म्हणून तिने हनुवटीशी बोट घालून मास्क जरासा वर केला. पंचाने इतक्या जोरात शिट्टी मारली की अख्खा डाव थांबला. गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांपर्यंत असतो आणि डोळा एकच क्षण उघडा राहिला तरी पुरे. त्या दिवशी घरी परतताना गाडीत आम्ही दोघंही बोललो नाही. दुपदरी थर्मल काचेचा मास्क सहसा असा धुरकटत नाही. तो नवाच घ्या, पेंटबॉलसाठीच्या एएसटीएम एफ१७७६ मानकाचा उल्लेख वेष्टनावर बघून. मार्कर महिनोन्‌महिने भाड्याचा चालेल, मास्क मात्र या महिन्यात दोघांचेही घ्या. १६० डॉलर होतील, ते घरखर्चातून काढा.

आता ५२९ बद्दल. छंदासाठी ती भर थांबवू नका. पण कार्डासाठी थांबवायची असेल, तर माझी पूर्ण संमती आहे. २४ टक्के व्याजाची खात्री असताना शेअर बाजाराकडून तेवढ्या परताव्याची आशा धरणं परवडत नाही. दरमहा ३०० तिकडे वळवलेत आणि कार्डावर नवी खरेदी केली नाहीत, तर साधारण १० महिन्यांत कार्ड मोकळं होईल. त्यानंतर पहिले ३०० पुन्हा ५२९ मध्ये. त्याच्या पुढच्या महिन्यात व्याजाचे जे ५२ डॉलर तुमच्या हातात उरू लागतील, ते मार्करसाठी बाजूला ठेवा. मास्क आधीच घेतलेला असल्याने उरलेलं सामान २०० डॉलरचं, म्हणजे चार महिन्यांत जमतं.

एवढं थांबायला मुलगा कुरकुरेल. त्याला या खेळाचा पहिला डाव सांगा. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या रानात बारा जण उतरले. हातात नेल्स्पॉट ००७, झाडांवर आणि गुरांवर खुणा करायला बनवलेली पिस्तुलं, म्हणून तर आजही या हत्याराला मार्कर म्हणतात. प्रत्येक गोळीआधी हाताने बोल्ट मागेपुढे करायचा. जिंकला रिची व्हाइट, पेशाने वनपाल, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. रान वाचत तो जिंकायला लागणारे सगळे झेंडे गोळा करून आला.

वापरलेला मार्कर मिळाला तर जरूर घ्या, पैसे आणखी वाचतील. टाकी वापरलेली घेताना मात्र तिच्यावरची जलदाब चाचणीची तारीख वाचा. ती चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते आणि मुदत संपलेली टाकी फील्डवाले भरून देत नाहीत. कार्बन फायबरची असेल तर तिचं एकूण आयुष्यच १५ वर्षांचं धरतात, त्यामुळे बनवल्याचं वर्षही बघा. आणि घरी ठेवताना टाकी काढून, हॉपर रिकामा करून, मार्करच्या नळीवर टोपडं चढवून ठेवायचं. हे काम पहिल्या दिवसापासून मुलाकडेच द्या.