१९६६ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलचा चेंडू हॅटट्रिक करणाऱ्या इंग्लंडच्या जेफ हर्स्टला का मिळाला नाही?

कारण तो पश्चिम जर्मनीच्या हेल्मुट हॅलरने काखोटीला मारून मायदेशी नेला!

इंग्लंडमध्ये हॅटट्रिक करणाऱ्याने चेंडू घरी न्यायचा, असा रिवाज. ३० जुलैला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर हर्स्टने तीन गोल केले, इंग्लंड ४-२ ने जिंकलं, म्हणजे चेंडूवर हक्क त्याचाच. पण हॅलरचं म्हणणं असं की आमच्याकडे जिंकणाऱ्याला कप आणि हरणाऱ्याला चेंडू. सामन्यातला पहिला गोल त्याचाच होता, हेही खरं. आणि हे काही चोरून नव्हतं. बक्षीस समारंभात चेंडू चक्क त्याच्या हातात दिसतो. हर्स्ट बिचारा जिंकल्याच्या धुंदीत, त्याला चेंडूची आठवण कुठली!

चेंडू स्लॅझेंजरचा, चामड्याचा आणि रंगाने नारिंगी. आपण कृष्णधवल चित्रण पाहतो त्यामुळे हा रंग कळतच नाही. जादा वेळेत हर्स्टने मारल्यावर क्रॉसबारच्या, म्हणजे गोलच्या आडव्या दांड्याच्या, खालच्या कडेला लागून गोलरेषेवर आपटला तो हाच. रेफ्री डीन्स्ट यांनी लाइनमन बाहरामोव्ह यांना विचारलं, त्यांनी मान डोलावली आणि गोल झाला. पूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला होता का, यावर अजून भांडणं होतात. माझ्या मते नव्हता.

पुढे ३० वर्षं तो हॅलरकडेच. १९९६ मध्ये युरो स्पर्धा इंग्लंडमध्ये होती, तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी पाठपुरावा केला आणि हॅलरने तो परत आणून दिला. सध्या तो मँचेस्टरच्या नॅशनल फुटबॉल म्युझियमच्या संग्रहात आहे.