ऑस्ट्रेलियात छोट्या गावच्या लायब्ररीत कॅज्युअल काम: माझा अनुभव

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न वाचला. एमलिब, म्हणजे ग्रंथालयशास्त्राची मास्टर्स डिग्री, झालीय, तालुक्याच्या वाचनालयात सहा वर्षं काढलीत, आता मिस्टरांना न्यू साउथ वेल्समधल्या एका छोट्या गावात नोकरी लागलीय, तर तिथल्या लायब्ररीत टेम्पररी का होईना काम मिळेल का. मिळू शकतं, फक्त "लायब्ररियन" ह्या पोस्टची वाट बघत घरी बसू नका. मी साताऱ्याकडच्या एका ब वर्ग वाचनालयातून इथे आले आणि पहिली दीड वर्षं कॅज्युअल म्हणूनच केली, त्यातूनच पुढचं सगळं झालं.

इथली सार्वजनिक लायब्ररी काउन्सिलची असते, म्हणजे आपली नगरपालिका समजा. कॅज्युअल म्हणजे कुणी आजारी पडलं, रजेवर गेलं की सकाळी फोन येतो, येशील का म्हणून. तासाचा रेट २५ टक्के जास्त असतो पण पगारी सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही. सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखं, ते मात्र कॅज्युअललाही मिळतं, जुलै २०२५ पासून १२ टक्के. मला एखाद्या आठवड्यात तीस तास मिळायचे आणि मग पंधरा दिवस फोनच नाही, त्यामुळे घरभाडं ह्या पैशावर धरू नका. आणि गाडी चालवता यायलाच हवी, कारण एकाच काउन्सिलच्या दोन शाखा चाळीस किलोमीटरवर असतात आणि मधे बस नसते.

मिस्टरांचा ४८२ व्हिसा, म्हणजे मालकाने स्पॉन्सर केलेला तात्पुरता कामाचा व्हिसा, असेल तर जोडीदार म्हणून तुम्हाला काम करता येतं. लायब्ररियनच्या जाहिरातीत बहुतेक वेळा ॲलियाची, म्हणजे इथल्या ग्रंथालय संघटनेची मान्यता असलेली डिग्री मागतात, म्हणून आधी लायब्ररी असिस्टंट किंवा लायब्ररी ऑफिसरला अर्ज करा. पुढे वाटलं तर चार्ल्स स्टर्ट युनिव्हर्सिटीचा कोर्स घरबसल्या करता येतो. अर्जात सिलेक्शन क्रायटेरिया, म्हणजे निवडीचे निकष असतात, प्रत्येकाला स्वतःच्या कामातलं उदाहरण देऊन उत्तर लिहायचं. मी सुरुवातीला नुसता बायोडेटा पाठवत होते, एकही फोन आला नाही. मग दिवाळी अंक येतात त्या आठवड्यात मी आणि एक शिपाई मिळून देवघेवीची गर्दी कशी सांभाळायचो ते सविस्तर लिहिलं आणि मुलाखतीला बोलावलं. तेव्हा आपला अनुभव कमी समजू नका. मुलांशी संबंध येतो म्हणून वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांसोबत काम करण्याआधीची पूर्वेतिहासाची तपासणी लागते, अर्ज ऑनलाइन करायचा आणि इथे आल्यावर सर्व्हिस एनएसडब्ल्यूत, म्हणजे राज्य सरकारच्या सेवा केंद्रात, ओळखपत्रं दाखवायची, चेक एकदा मिळाला की पाच वर्षं चालतो.

आता खरं काम. छोट्या शाखेत बऱ्याचदा तुम्ही एकट्याच असता. सकाळी रिटर्न्सचा, म्हणजे परत आलेल्या पुस्तकांचा डबा रिकामा करा, पुस्तकं चेक-इन करा, होल्ड्स, म्हणजे वाचकांनी राखून मागितलेली पुस्तकं काढून ठेवा, ट्रॉली भरून शेल्फवर लावा. ड्युई, म्हणजे विषयवार क्रमांकांचं वर्गीकरण, तर तुम्हाला येतंच, हा भाग दोन दिवसात जमेल. पण आपल्याकडे वाचक चिठ्ठी देतो आणि आपण कपाटातून पुस्तक काढून देतो, ती सवय मोडावी लागते, इथे लोक स्वतः घेतात, मशीनवर स्वतः नोंद करतात. मग आपण करायचं काय, तर माणसं. कुणाला मायगव्ह ह्या सरकारी सेवांच्या साइटचं लॉगिन जमत नाही, कुणाला फोनमधला फोटो प्रिंट करून हवाय, एखाद्या आजोबांना फक्त बोलायचंय कारण आठवडाभर घरात दुसरं कुणी नाही. स्टोरीटाइमला, म्हणजे लहान मुलांच्या गोष्टी-गाण्यांच्या तासाला, तान्ह्या पोरांसमोर मोठ्यांदा गाणी म्हणायची, ह्याची मला सगळ्यात जास्त भीती होती, तर तीन-चार गाणी पाठ करूनच या.

आणि वर्गणी, अनामत हा प्रकारच नाही, इथल्या १९३९ च्या लायब्ररी ॲक्टनुसार रहिवाशाला सभासदत्व आणि पुस्तकं फुकट. आपल्याकडे अनामत परवडत नाही म्हणून दारातून परत गेलेली मुलं मी पाहिलीत, त्यामुळे मला ह्याचं फार मोल वाटतं. उन्हाळ्यात चाळीस डिग्रीला लोक नुसते एसीत येऊन बसतात, त्यांना कुणी उठ म्हणत नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्या, बंद करतानाचे नियम. एका संध्याकाळी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा राहिला, न्यायला कुणी आलं नाही, मी एकटी, बाहेर अंधार. आपली सवय अशी की चल बाळा घरी सोडते. तसं अजिबात करायचं नाही, आमच्याकडे नियम होता की आधी सुपरवायझरला फोन आणि कुणी येईपर्यंत तिथेच थांबायचं. मला हे माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं, नशिबाने मी फोन केला.

निघायच्या आधी विद्यापीठातून एमलिबचा अभ्यासक्रम शिक्का मारून घ्या आणि वाचनालयाकडून लेटरहेडवर अनुभवपत्र, त्यात आठवड्याचे तास आणि नेमकी कामं लिहिलेली हवीत. पुढे पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, व्हेटॅसेस ह्या संस्थेकडून स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण-अनुभवाची तपासणी, करायची वेळ आली तर हेच कागद लागतात. मी इथून मागवले तर आठ महिने लागले, तेही भाऊ चार वेळा जाऊन आला तेव्हा.