फोन ज्याचा, तो त्याच्याच हातात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या महिन्यात स्मार्टफोनविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी सोलापुरातल्या एका वाचनालयात मी फोनच्या अडचणी घेऊन येणाऱ्यांसोबत बसतो. या उत्तरांतले बरेचसे त्या बैठकांतूनच आलेले आहे.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो. दीड वर्षापूर्वी घेतलेला माझा फोन वायर वाकडी धरली तरच चार्ज होतो. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला, दोन हजार लागतील. उन्हाळ्यात तर फोन हातात धरवत नाही इतका तापतो. काय करावे?

उत्तर : दोन हजार रुपये मोजण्यापूर्वी चार्जिंग जॅकमध्ये विजेरीचा उजेड टाकून पाहावे, अशी आपल्याला विनंती आहे. मागावर काम करणाऱ्यांचे जे फोन माझ्याकडे येतात, त्यांतल्या पुष्कळांचा बोर्ड शाबूत असतो आणि अडचण असते ती जॅकमध्ये साचलेल्या सुताची. टॉवेलच्या कारखान्यात हवेत सुताचे बारीक तंतू सतत उडत असतात. फोन खिशात असला की ते जॅकमध्ये शिरतात, आणि आपण रोज पिन आत ढकलतो तेव्हा तळाशी दाबले जाऊन त्यांचा घट्ट थर होतो. मग पिन पुरती आत जात नाही, ती बसताना होणारा ‘टक्’ असा आवाज येत नाही आणि वायर वाकडी धरावी लागते. अलीकडेच एका मामांच्या फोनमधून निघालेला थर तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा, करड्या रंगाचा आणि नमद्यासारखा घट्ट होता. तो निघाला आणि फोन लगेच चार्ज होऊ लागला. त्यांनाही कोणीतरी बोर्ड बदलायलाच सांगितले होते.

फोन पूर्ण बंद करावा, लाकडी टूथपिकचे टोक चाकूने थोडे चपटे करून घ्यावे, जॅकच्या कडेकडेने फिरवत तळाचा थर सैल करावा आणि फोन उलटा धरून हलकेच झटकावा. टाइप-सी जॅकच्या मधोमध जिभेसारखी पातळ पट्टी असते व वीज तिच्यावरच्या बिंदूंतून जाते, म्हणून तिला धक्का लागू देऊ नये. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन मुळीच वापरू नये, आणि तोंडाने फुंकरही घालू नये, कारण तिच्यातली वाफ आत जाते. एवढे करूनही फरक पडला नाही, तर दुसरी वायर आणि दुसरा चार्जर लावून पाहावा. तरीही अडचण राहिली, तर दुकानदाराला नेमके विचारावे की जॅक स्वतंत्र छोट्या पट्टीवर आहे का. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत तो तसा असतो आणि मुख्य बोर्डाला हात न लावता बदलता येतो. खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, काढलेला जुना भाग परत मागावा आणि फोन दुकानात ठेवताना सिम काढून घ्यावे. लॉकचा पिन सांगू नये. सॅमसंगच्या अनेक फोनांत ‘मेंटेनन्स मोड’ आणि गूगल पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो सुरू केला की कारागिराला दुरुस्तीची तपासणी करता येते, पण आपले फोटो, संदेश आणि बँकेची अ‍ॅप दिसत नाहीत. दुरुस्तीत फसवणूक झाली असे वाटले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता तापण्याविषयी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या छताखाली, मागांच्या मोटारींच्या शेजारी उष्णता त्याहून अधिक असते. अ‍ॅपल आपले आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावेत असे सांगते. म्हणजे आपला उन्हाळा फोनसाठी मर्यादेबाहेरचाच आहे. लिथियम-आयन बॅटरीला सर्वाधिक त्रास होतो तो उष्णता आणि पूर्ण भरलेले चार्जिंग या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे. म्हणून पाळीच्या वेळी कारखान्यातल्या फळीवर फोन शंभर टक्के होईपर्यंत लावून ठेवण्याऐवजी, पहाटे घरी फरशीवर ठेवून, कव्हर काढून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करावा. नव्या बऱ्याच फोनांत ही मर्यादा सेटिंगमध्येच ठरवता येते. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरते. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेलेले दिसले, तर मात्र चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे, झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरी कचऱ्याच्या गाडीत न टाकता सेवा केंद्रात द्यावी.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. आई ६८ वर्षांची असून जुळे सोलापुरात एकटी राहते. फोनमधले काही बिघडले की ती दिवसातून चार वेळा विचारते आणि मला समजावता येत नाही. तिच्या फोनचा ताबा मला येथून घेता यावा, यासाठी कोणते अ‍ॅप टाकावे? अ‍ॅपची चिन्हेही तिच्याकडून आपोआप उडतात. ईमेल व पासवर्ड भावाकडे आहेत.

उत्तर : तसे अ‍ॅप टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. बँकेचा किंवा वीज मंडळाचा अधिकारी असल्याचे सांगून फोन करणारे भामटे नेमके हेच करायला लावतात : एक अ‍ॅप घ्यायला सांगतात, त्यातला आकडा विचारतात आणि समोरच्या फोनचा पडदा आपल्याकडे वळवून घेतात. आपण आईला दर आठवड्याला ‘मी सांगते तो आकडा दाब, आता मला दिसते आहे’ अशी सवय लावलीत, तर उद्या अनोळखी आवाजाने तेच सांगितल्यावर तिने नकार का द्यावा? तिला पक्के ठाऊक असायला हवे ते हे, की फोनवर बोलता बोलता कोणीही, अगदी पोटच्या मुलीनेही, पडदा दाखवायला सांगितले तर तो दाखवायचा नाही. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवरच केलेली अटक, असा प्रकार कायद्यात नाही, पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, आणि पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, या तीन गोष्टीही तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवाव्यात.

चिन्हे ‘आपोआप’ उडण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. आमच्या रविवारच्या बैठकीला येणाऱ्या एका आजींची हीच तक्रार होती आणि त्यांच्यावर घरात सगळे चिडत. मी त्यांच्या शेजारी बसून केवळ त्यांच्या बोटाकडे पाहत राहिलो. बोट थोडे थरथरत होते, त्यामुळे त्या ते पडद्यावर टेकवून क्षणभर स्थिर करीत आणि मग उचलीत. फोनला ते ‘दाबून धरणे’ वाटे; चिन्ह सुटे होई आणि बोट सरकले की भलतीकडे जाई. सेटिंगमधल्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त ‘टच अँड होल्ड डिले’ नावाची सोय आहे. तिथे ‘लाँग’ निवडले आणि चिन्हे उडणे थांबले. त्यानंतर आजी म्हणाल्या, “म्हणजे चूक माझी नव्हती होय?” त्यांच्या आवाजात जो दिलासा होता, तो मी विसरलेलो नाही. काही फोनांत होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करण्याचीही सोय असते, तीही वापरावी.

पुढच्या खेपेला सोलापूरला याल, तेव्हा आईचे खाते आईच्याच नावाने, तिच्याच क्रमांकाशी जोडून घ्यावे. भावाने ते प्रेमापोटीच केले असेल. परंतु ज्या फोनचा पासवर्ड मालकिणीला माहीत नाही, तो फोन अडला की तिला कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. अक्षर मोठे करावे, पहिल्या पडद्यावर ती रोज वापरते ती पाच-सहाच चिन्हे ठेवावीत आणि शिकवताना फोन तिच्या हातात देऊन आपले हात पाठीमागे ठेवावेत. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी. हे अवघड आहे, मला ठाऊक आहे, कारण आपले बोट आपोआप पुढे जाते आणि काम दोन सेकंदांत होऊन जाते. पण ते काम आपले होते, आईचे नव्हे. लांबून मदत करायची असेल, तर आपल्या शेजाऱ्यांकडे किंवा मैत्रिणीकडे त्याच कंपनीचा फोन असल्यास तो समोर ठेवून आईला पायरीपायरीने सांगावे.

प्रश्न : माझा फोन पाच वर्षांचा आहे. चालतो उत्तम, पण अपडेट येणे बंद झाले आहे. नवा घ्यावाच लागेल का?

उत्तर : सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा अपडेटची तारीख असते, ती पाहावी. ती दोन वर्षांहून जुनी असेल, तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवू नये. बोलणे, गाणी आणि फोटो यांसाठी तो खुशाल वापरावा. नवा घेताना कॅमेऱ्याच्या आधी सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार ते विचारावे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ मालिकेपासून ७ वर्षांचा शब्द दिला आहे; स्वस्त फोनांत ही मुदत पुष्कळ कमी असते.

प्रश्न : कुंभारीत राहणाऱ्या माझ्या आजीने चाळीस वर्षे विड्या वळल्या. पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याला तिचा अंगठाच उमटत नाही. दरवर्षी दोन-तीन चकरा होतात. घरच्या फोनवर काही करता येईल का?

उत्तर : होय, करता येते आणि ते आपण याच आठवड्यात करावे. वर्षानुवर्षे पाने-तंबाखू हाताळून बोटांवरच्या रेषा झिजतात. विडी आणि माग या दोन्ही कामांतल्या माणसांना हा त्रास होतो. २०२१ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेत चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. प्ले स्टोअरमधूनच ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप घ्यावीत. प्रथम फोन चालवणारा म्हणून आपली स्वतःची ओळख एकदा पटवावी लागते. नंतर आजीचा आधार क्रमांक, पेन्शनच्या आदेशाचा म्हणजे पीपीओ क्रमांक आणि बँक खाते भरून तिचा चेहरा घ्यायचा असतो. अ‍ॅप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. आजीला ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवावे. उजेड पाठीमागे असला की चेहरा काळवंडतो आणि प्रयत्न फसतो. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेचे पेन्शन असेल, तर इतर पेन्शनांप्रमाणे नोव्हेंबरची वाट पाहण्याची गरज नाही. दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तेव्हापासून १२ महिने चालतो. दाखल्याचा ‘प्रमाण आयडी’ वहीत लिहून ठेवावा. एका फोनवर अनेकांचे दाखले होऊ शकतात, तेव्हा आजीच्या शेजारणींनाही त्याच ओसरीत बोलावता आले तर फार चांगले होईल.

प्रश्न : यंदा गड्ड्याच्या यात्रेत माझा फोन चोरीला गेला. सिम बंद करून नवे घेतले. आता तो परत मिळण्याची आशा सोडून द्यावी का?

उत्तर : आशा सोडू नये. सिम बंद केलेत हे योग्यच झाले. बँकेलाही कळवले नसेल तर आज कळवावे आणि गूगल खात्यातून त्या फोनला कुलूप लावावे. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरावा. ही सोय मे २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे. त्यासाठी फोनची स्वतःची ओळख असलेला १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो फोनच्या खोक्यावर आणि बहुधा बिलावर असतो. ज्यांचा फोन आज हातात आहे, त्यांनी *#०६# दाबून तो आताच लिहून घ्यावा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही लागतात. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम घातले, तर त्याचा माग पोलिसांना मिळू शकतो. जुना फोन विकत घेणाऱ्यांनीही संचार साथीवर त्याचा क्रमांक आधी तपासावा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडणार नाही. आपला फोन परत मिळाला, तर त्याच ठिकाणी तो मोकळा करण्याची विनंती करायला विसरू नये, नाहीतर सिम घालूनही त्यावर फोन लागणार नाही.